भाऊजींची कुंचामुखी

जगात पाठीला कणा असलेला, संख्येनं सगळ्यात जास्त असा प्राणी कोणता, हे तुम्हाला आजवर कोणी विचारलं नसेल, तर त्याचा अर्थ एवढाच की आमच्या भाऊजींची आणि तुमची अजून गाठ पडलेली नाही. पडली असती तर तुमचं नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी हे विचारलं असतं.

"बोला, जगात सगळ्यात जास्त कोन?"

समोरचा गोंधळतो. मग भाऊजी उदार मनानं खुलासा करतात. "कना असलेले म्हंतो मी. मुंग्या, मच्छर सोडून द्या. हं, बोला."

हेल्मेट नव्हतं म्हणून अकोल्याच्या एका चौकात ट्रॅफिक पोलिसानं अडवलं, तर भाऊजींनी त्यालाच विचारलं. तो बिचारा उन्हात उभा राहून आधीच शिजलेला. म्हणाला, "भटके कुत्रे, साहेब." भाऊजी म्हणाले, "चूक. पन प्रयत्न चांगला हाय." आणि त्याच्या पाठीवर थाप मारून, स्कूटर सुरू करून निघून गेले. पोलीस बराच वेळ विचार करत उभा होता म्हणे. एका तेरवीच्या पंगतीत शेजारच्या गुरुजींना विचारलं. गुरुजींनी तोंडातला बुंदीचा लाडू गिळला आणि शांतपणे सांगितलं, "आत्मे." भाऊजी तितक्याच शांतपणे म्हणाले, "आत्म्याले कना नसते, गुरुजी."

हे काही म्हातारपणी सुरू झालेलं नाही. ताईला पाहायला आले होते, त्या दिवशी त्यांनी माझ्या वडिलांनाही हेच विचारलं. आमचे वडील चार पोरींचे बाप. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "जावई," ते म्हणाले. भाऊजी इतके हसले की हातातला चहा पँटवर सांडला, आणि लग्न तिथंच जमलं.

तर हे भाऊजी, म्हणजे मधुकर ढोके. अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहेत. मी त्यांचा साळा, संजू. अमरावतीत माझं कूलरचं दुकान आहे, आणि वऱ्हाडात कूलर विकणं ही समाजसेवा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला पटत नसेल त्यानं मे महिन्यात दुपारी एक वाजता अकोल्यात चप्पल न घालता दहा पावलं चालून दाखवावं.

प्रश्नाचं उत्तर सांगायचं राहिलं. जगात सगळ्यात जास्त आहे ती एक मासोळी. करंगळीएवढी. समुद्रात इतक्या खोल राहते की तिथं ऊन तर सोडाच, उजेडही धड पोचत नाही. काळा कुळकुळीत थंड अंधार, आणि त्यात ह्या मासोळ्या. किती? इथं भाऊजी दोन्ही हात वर करतात, डोळे मोठे करतात आणि म्हणतात, "मोजता येत नाई!" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून ऐकावेत. लॉटरी लागलेला माणूसही इतक्या आनंदानं बोलत नाही.

आता अकोला कुठं आणि समुद्र कुठं! आमच्याकडे निम्म्या लोकांनी समुद्र टीव्हीवर पाहिलेला आहे आणि उरलेल्यांना त्याची गरज वाटलेली नाही. पण भाऊजी विद्यार्थी असताना त्यांची सहल समुद्राकाठच्या एका गावाला गेली होती. तिथल्या कॉलेजात काचेच्या बरण्यांमध्ये मासे ठेवलेले. बाकीची पोरं शार्कच्या जबड्यात डोकं घालून फोटो काढून घेत होती. भाऊजी एका लहानशा बरणीपुढे थांबले.

"एवढीशी होती रे संजू, काळीसावळी, बरनीच्या बुडाले बसलेली. कोनी तिच्याकडं पायत नव्हतं. म्या तिथल्या मास्तरले विचारलं, हे कोन? तं थो म्हने, जगात सगळ्यात जास्त हेच हाय. आता सांग, जगात सगळ्यात जास्त, अन् तिले कोनी ओळखत नाई! मलेच लाज वाटली गड्या."

त्या लाजेपायी आमच्या ताईचा सगळा संसार मासोळीसोबत झाला. मासोळीला मराठीत नावच नाही हे कळल्यावर भाऊजींनी स्वतः तिचं बारसं केलं. तिचे दात बारीक आणि दाट, रंगाच्या कुंच्याच्या केसांसारखे, म्हणून नाव ठेवलं कुंचामुखी. ताईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपोआप हात जोडले आणि विचारलं, "कोन्या गावची देवी म्हनाची हे?"

बरं, नुसतं बोलणं असतं तर चाललं असतं. भाऊजी कुंचामुखीप्रमाणे वागतातही. ही मासोळी शिकारीच्या मागे धावत नाही. अंगात फारशी ताकद नसते आणि खोल पाण्यात खायलाही कमीच, म्हणून ती एका जागी तरंगत राहते, आणि काही तोंडाशी आलं की तिचा जबडा हा एवढा मोठा उघडतो. भाऊजी दुपारी कूलरसमोर आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून पडतात. ताई म्हणते, जरा उठा, गव्हाचा डबा खाली उतरवून द्या. भाऊजी डोळे न उघडता म्हणतात, "ऊर्जा वाचवून राहिलो."

उन्हाळ्यात आमच्याकडे माणसं दिवसा खालच्या अंधाऱ्या खोलीत आणि रात्री गच्चीवर गादी टाकून. भाऊजी सांगतात की अर्धा समुद्र असाच वागतो. कितीतरी मासे दिवसभर खोल दडून बसतात आणि दिवस मावळला की वर चरायला जातात. पण कुंचामुखी जात नाही. "थे ठाम हाय," भाऊजी म्हणतात. "म्हनून मीबी ठाम." सगळी गल्ली गच्चीवर चांदण्या मोजत असते आणि हे खाली, झिरोचा बल्ब लावून, उशाला टॉर्च ठेवून, घामाच्या धारांत. टॉर्चही एक नाही. एक उशाला, एक शर्टाच्या खिशात, एक स्कूटरच्या डिकीत. विचारलं तर म्हणतात, कुंचामुखीच्या पोटाला दिव्यांच्या रांगा असतात, मग माणसाजवळ दोन-तीन टॉर्च असले तर बिघडलं काय!

त्या दिव्यांचंही एक आहे. एकदा ताईनं झाडताना पलंग उभा केला, तर त्याच्या खालच्या अंगाला रेडियमच्या टिकल्या ओळीनं चिकटवलेल्या.

"हे काय हो?"

"कुंचामुखीचे दिवे. पोटाच्या खालून असतात. वरून थोडासा उजेड येत असते, तं खालच्या मोठ्या माशाले तिची सावली दिसू नाई म्हनून ते दिवे लावते."

ताईनं कमरेवर हात ठेवला. "अन् आपल्या पलंगाले कोनता मासा खाऊन राहिला, तं त्याची सावली लपवता?"

भाऊजींनी पलंग आडवा करायला हात लावला. टिकल्या मात्र काढू दिल्या नाहीत.

अमरावतीला आले की माझ्या दुकानातही ते येऊन बसत. एकदा एक बाई कूलर पाहायला आल्या. विचारलं, ह्याची हवा किती लांब जाते? मी तोंड उघडायच्या आत भाऊजी म्हणाले, "हवेच्या मागं कावून लागता बाई? शांत बसा. जे यायचं थे तोंडाशी येते." बाई उठल्या आणि समोरच्या दुकानातून कूलर घेऊन गेल्या. मी आठवडाभर भाऊजींशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. चिंगीच्या लग्नाचं पाहू लागलो, तेव्हा हसू आटलं.

चिंगी म्हणजे प्राजक्ता, ताई-भाऊजींची एकुलती एक लेक. शांत, हुशार पोट्टी, अकोल्यातच दातांची डॉक्टर. मासोळीचे दात ऐकून ऐकून ती ह्या मार्गाला लागली असा भाऊजींचा दावा आहे. तिचं म्हणणं, मार्कच तेवढे पडले होते.

पहिलं स्थळ नांदगाव खंडेश्वरचं आलं. मंडळी चांगली होती. मुलाची आजी कौतुकानं म्हणाली, "पोट्टी गुनाची दिसते. लहानपनी पोट्ट्यायसारखा दंगा नसन करत." एवढंच. भाऊजींनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली.

"आजी, कुंचामुखीचं कसं हाय, लहानपनी सारे नरच असतात. मंग मोठे झाले का त्यातले काई मादी होतात."

आजीनं चिंगीकडे पाहिलं. मग भाऊजींकडे पाहिलं. मग पुन्हा चिंगीकडे, वरपासून खालपर्यंत. "म्हंजे हे आंदी पोट्टा...?" ताई स्वयंपाकघरातून धावत आली, पण उशीर झाला होता. मंडळी चहाला थांबली नाहीत.

दुसरं स्थळ तिवश्याचं. मुलगा दिसायला ठीक, फक्त नाक जरा भरघोस. घरात सगळ्यांना ते दिसत होतं आणि कोणीही बोलत नव्हतं, जशी सभ्य घरांची रीत असते. भाऊजींचा चेहरा मात्र उजळला. "वा! नराचं नाक असंच पायजे. कुंचामुखीचा नर मादीपेक्षा लहान असते, पन नाक पायसान तं भल्लं जबरदस्त! भर अंधारात निस्त्या वासावर मादीले हुडकते." मुलगा लाल झाला. मुलाचे वडील उठून उभे राहिले. नाक त्यांच्याकडूनच आलेलं होतं.

तिसरं स्थळ वरूडचं, आणि हे मात्र वेगळं होतं. निखिल संत्र्याचा व्यापार करायचा, घरची बाग, स्वतःचं पॅकिंगचं शेड. माल घेऊन अकोल्याला आला असताना त्याची दाढ ठणकली आणि तो चिंगीच्या दवाखान्यात जाऊन बसला. एका दाढेच्या रूट कॅनलला जेवढ्या फेऱ्या लागतात त्याच्यापेक्षा बऱ्याच जास्त फेऱ्या ह्या पोरानं मारल्या. चिंगीनं मला फोन केला. कधी काही न मागणारी पोरगी. म्हणाली, "मामा, हे जमलं पायजे. बाबाले सांभाळाल?"

मी धंद्यात मोठमोठ्या पार्ट्या सांभाळल्या आहेत, पण भाऊजी म्हणजे भाऊजी.

आदल्या दिवशी मी अकोल्यात दाखल झालो. ताईनं नियम घालून दिले. मासोळी हा शब्द नाही. समुद्र नाही. नर नाही, मादी नाही, नाक नाही, खिशात टॉर्च नाही. भाऊजी त्या दिशेनं निघाले की मी खोकायचं. भाऊजी खाली मान घालून ऐकत होते, आपल्याच वर्गात उभं केलेल्या मुलासारखे. शेवटी म्हणाले, "एक शब्द नाई बोलत मी. चिंगीसाठी." आणि ते इतकं साधं बोलले की मला त्यांची दया आली.

भर मे महिना. मंडळी सकाळी यायची ती उन्हं चढल्यावर आली. आम्ही सगळ्यांना आतल्या खोलीत बसवलं; खिडक्यांना वाळ्याचे पडदे, दारं बंद, आणि माझ्या दुकानातला सगळ्यात मोठा कूलर. तो कूलर मी स्वतः गाडीत टाकून आणला होता. थंडाव्यात माणसाला नकार द्यायचा कंटाळा येतो, हा माझा अनुभव आहे.

निखिलचे वडील दादाराव आत आले, टोपी काढली, बसले आणि संत्र्यावर बोलायला लागले. मी थक्कच झालो. आंबिया बहार, मृग बहार, कोळशी रोगानं काळी पडलेली झाडं, अवेळी झालेली फळगळ. दम घ्यायलाही थांबत नव्हते. निखिलची आई कंटाळून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. तिचं लग्नही बहुतेक अशाच संत्र्याच्या गप्पांत जमलं असावं. मी मनात म्हटलं, वाचलो. इथं भाऊजींना शिरायला फटच नाही.

पण दादारावांना एक खोड होती. दर चार वाक्यांनी ते म्हणायचे, "सगळ्यात जास्त."

"सगळ्यात जास्त रस आमच्या संत्र्यात."

भाऊजींचे ओठ हलले. मी खोकलो.

"सगळ्यात जास्त गाड्या आमच्याच गावातून भरतात."

भाऊजींनी मांडीवर मुठी आवळल्या. कपाळावर घाम, कूलरसमोर! मी दोनदा खोकलो.

"अन् साऱ्या जगात सगळ्यात जास्त कोन, बोला..." दादाराव म्हणाले, आणि क्षणभर थांबले.

भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना त्यांचाच प्रश्न कोणीतरी विचारला होता. जन्मभरात पहिल्यांदा. मी असा खोकलो की डोळ्यांत पाणी आलं. निखिलच्या आईनं पर्समधून ओव्याची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. "चावून खा भाऊ, छाती मोकळी होते." दादारावांनी स्वतःच उत्तर दिलं, "संत्र्याचे दलाल!" आणि स्वतःच हसले. भाऊजी खाली बसले. त्यांनी एक शब्दही काढला नव्हता. मला खरंच वाटलं की उठून त्यांना नमस्कार करावा.

आणि लाईट गेली.

कूलर घरघर करत थांबला. वाळ्याचे पडदे, बंद दारं. खोलीत असा अंधार झाला की हातातली ओव्याची पुडी दिसेना. कोणी काही बोलायच्या आत भाऊजींचा आवाज आला. नेहमीचा मास्तरकीचा आवाज नव्हता तो. लहानसा, मऊ.

"चिंगे, भेऊ नोको. मासोळी आली."

माझ्या हातून पुडी सुटली. आणि आतून, स्वयंपाकघरातून, चहाच्या कपांच्या बाजूनं चिंगीचा आवाज आला, अगदी रोजचं काही विचारावं तसा.

"किती हायेत, बाबा?"

"मोजता येत नाई!"

स्वयंपाकघरात ताईच्या हातून चाळणी पडल्याचा आवाज झाला. मी मनात वरूडचं स्थळ पुसून टाकलं.

"कोन आलं म्हंता?" अंधारात दादाराव म्हणाले.

"माफ करजा जी," भाऊजी म्हणाले. "तोंडातून निंगून गेलं. पोट्टी लहान होती नं, तवा लाईट भल्ली जाये. ते पलंगाखाली जाऊन बसे अन् रडे. आता मी तिले काय सांगू? भूत नाई म्हनून सांगितलं, तं ते म्हने, मंग अंधारात कोन हाय? मले मासोळीच येत होती. म्हटलं बाई, अंधारात भल्ले जन हायेत. जगात सगळ्यात जास्त थेच हायेत. अन् साऱ्यायजवळ आपापला दिवा हाय."

मला एकदम पलंगाखालच्या टिकल्या आठवल्या. इतकी वर्षं मी त्यांवर हसत होतो आणि लोकांनाही सांगून हसवत होतो. त्या टिकल्या पलंगाखाली बसलेल्या पोरीलाच दिसणार होत्या.

दादाराव घसा साफ करून म्हणाले, "सर, एक विचारू का? थ्या मासोळीले बहार वर्षातून कितीदा येते?"

अंधारात मला भाऊजींचा चेहरा दिसला नाही, पण खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज ऐकू आला. मग जे सुरू झालं ते काय सांगावं! दादाराव झाडाची विचारत, भाऊजी मासोळीची सांगत. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचं पूर्ण ऐकत नव्हतं आणि दोघंही भयंकर खूश होते. जन्मानं नर आणि पुढं मादी हे ऐकल्यावर दादाराव म्हणाले, "मंग काय, आमची पपईबी करते कधी कधी असे चाळे!" लाईट आली तेव्हा दोघं एकाच प्लेटमधून पोहे खात होते. निखिलनं काही विचारलं नाही. तो सारा वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होता. मुलगा मला तेव्हाच आवडला.

लग्न ठरलं. ताईनं माझा खोकला कामी आला असं सगळ्या नातेवाइकांत जाहीर केलं, आणि मीही ते नाकारलं नाही.

लग्नाच्या आधी चिंगी अमरावतीला माझ्या दुकानात आली. वरूडच्या घरासाठी कूलर पाहायचा होता. मी म्हटलं, कूलर मामाकडून आहेर, तू फक्त रंग निवड. तिनं रंग निवडला नाही. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि हातातल्या रुमालाची घडी घालत राहिली.

"मामा, एक काम सांगू?"

"सांग नं बाई."

"मी अंधाराले भ्यायचं केव्हाच सोडलं. पाचवी-सहावीत असतानाच."

"मंग त्या दिवशी कावून विचारलं, किती हायेत म्हनून?"

"बाबासाठी." ती खाली पाहत म्हणाली. "लाईट गेली का बाबा माह्याजवळ येऊन बसतात. हात हातात घेतात. मले वाटे, मले धीर देऊन राहिले. मंग मोठी झाली तं ध्यानात आलं, हात त्यायचाच थंडा असते. घामानं ओला. मी विचारलं किती हायेत, अन् ते म्हनले मोजता येत नाई, का मंग हळूहळू गरम होते."

झिरोचा बल्ब, उशाचा टॉर्च, खिशातला टॉर्च, गच्चीवर न जाण्याचा तो ठामपणा, सगळं एकामागोमाग डोळ्यांसमोर आलं. भाऊजींना अंधाराची ही भीती कधीपासून होती, कशानं होती, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. आम्ही आपले हसत होतो.

"आईले मासोळीचा वैताग येते," चिंगी म्हणाली. "मी गेल्यावर त्यायले कोन विचारन? तुमी अकोल्याले गेले अन् लाईट गेली, तं विचारजा नं मामा. निस्तं एवढंच. किती हायेत."

मी हो म्हटलं. मला रडू आलं होतं, ते लपवायला मी उगाच एका कूलरची बटणं दाबत बसलो. त्याची पिनच लावलेली नव्हती.

लग्न दणक्यात झालं. भाऊजींनी बँडवाल्याला विचारलं, जगात सगळ्यात जास्त कोन, तो म्हणाला, "नागीन डान्सवाले." भटजींना विचारलं, फोटोवाल्याला विचारलं, आणि निरोपाच्या वेळी, गाडीचं दार लावता लावता, निखिललाही विचारलं. निखिलनं हात वर केले, डोळे मोठे केले आणि म्हणाला, "कुंचामुखी, बाबा. मोजता येत नाई!" भाऊजी हसले. मग गाडी वळेपर्यंत हसतच राहिले, जरा जास्तच वेळ.

त्यानंतर श्रावणात मी अकोल्याला गेलो. संध्याकाळची वेळ, बाहेर बारीक पाऊस. ताई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. भाऊजी आरामखुर्चीत बसले होते. मला पाहून खूश झाले, पण प्रश्न विचारला नाही. घर फार नीटनेटकं वाटत होतं. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो, दुकानाचं, पावसाचं. भाऊजी हं हं म्हणत होते.

आणि लाईट गेली.

मी खुर्चीत सरळ झालो. माझी वेळ आली होती. भाऊजींची हालचाल ऐकू आली. खिशातला टॉर्च ते चाचपत होते बहुतेक. मग सवयीनं, अगदी सवयीनं, त्यांच्या तोंडून निघालं,

"चिंगे, भेऊ नोको. मासोळी..."

आणि ते मध्येच थांबले.

मी तोंड उघडलं. तीन शब्दही नव्हते, दोनच होते. त्या दिवशी वरूडच्या मंडळींसमोर एवढा खोकलो होतो मी, पण आता घशातून आवाजच निघेना. पावसाचा आवाज येत होता. स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

"किती हायेत वो?"

ताई होती. जन्मभर जिनं त्या मासोळीचा उद्धार केला, ती माझी ताई. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली असावी, कारण आवाज जवळून आला. मग बांगड्या वाजल्या, आणि भाऊजींच्या खुर्चीशेजारचा स्टूल सरकला.



"सांगा नं," ताई म्हणाली. "किती हायेत?"

"थांब जरा," भाऊजी म्हणाले. "मोजून राहिलो."